नागपूर ते बंगळुरू, घरासकट: सामान ट्रकमध्ये गेल्यावर आपण कधी आणि कसं निघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मे अखेरीस नागपूर सोडून कायमचं बंगळुरूला जायचं आहे. घरसामान पॅकर्सवाले नेणार. तुमची सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक स्वतः चालवत न्यायची की कॅरियरवर, म्हणजे कार वाहून नेणाऱ्या ट्रकवर, टाकायची, हे ठरत नाही. सोबत वहिनी, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या आई. आईंना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. तुम्ही आजवर एका दिवसात २५० किलोमीटरच्या पुढे गाडी चालवलेली नाही. आणि मित्र सांगतात की सामान भरलं की त्याच रात्री निघा, ऊन लागत नाही, सकाळी हैदराबाद.

भाऊ, त्या रात्री निघू नका. ट्रक गेल्यावर एक अख्खा दिवस आणि दोन रात्री नागपुरातच राहा, आणि मग पहाटे निघा. बाकीचं सगळं चुकलं तरी निभावून नेता येतं, हे एक चुकलं तर येत नाही.

मी २४ वर्षं नागपूरजवळ वाडीला घरसामानाच्या गाड्या भरतो. बदलीवाल्या लोकांच्या कारही कितीतरी वेळा स्वतः चालवत पोचवल्या आहेत, त्यामुळे तुमच्या मित्रांचा सल्ला मला नवा नाही. मीही एकदा तसाच निघालो होतो. २००९ साली माझ्या बहिणीचं बिऱ्हाड नागपूरहून हैदराबादला गेलं. ट्रकचा डाला बंद व्हायला संध्याकाळचे सात वाजले. शेजाऱ्यांकडे जेवलो आणि नऊला निघालो. भाऊजी आणि मी आलटून पालटून चालवणार होतो. दोन वाजता निर्मलच्या पुढे माझी पाळी होती. डोळे उघडे होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण समोरच्या ट्रकचा मागचा भाग एकदम एवढा मोठा झाला की मधली काही सेकंदं कुठे गेली ते मला कळलंच नाही. ब्रेक लागला, गाडी थांबली, ट्रकला लागली नाही. मागच्या काचेखालच्या फळीवर ताईने वरवंटा ठेवला होता. पाटा ट्रकमध्ये गेला होता, वरवंटा शेवटच्या क्षणी ओट्याखाली सापडला म्हणून टॉवेलात गुंडाळून तिथे टाकलेला. तो सुटला आणि भाचीच्या खांद्यावर आला. सात वर्षांची पोर. हसळीचं हाड मोडलं. अनोळखी गावातल्या दवाखान्यात, भाषा येत नसताना, ती रात्र काढली. डोक्याला लागला असता तर काय झालं असतं, हे आमच्या घरात आजही कोणी बोलत नाही.

त्या दिवशी मी सकाळी सहापासून उभा होतो. खोकी उचलली, हमालांशी बोललो, पलंग खोलले, जिन्यावरून पंधरा वेळा वर-खाली केलं. आदल्या रात्रीही दोनपर्यंत जागाच होतो. घर हलवताना शेवटच्या तीन रात्री कोणीच नीट झोपत नाही. अंगातला शीण त्या वेळी जाणवत नाही, कारण घाई असते, माणसं येत-जात असतात, आणि घर सुटण्याचं वाईटही वाटत असतं. गाडीत बसून एसी लागला, रस्ता सरळ झाला, लेकरं झोपली की तो सगळा एकदम अंगावर येतो. रात्री बारा ते पाच या वेळात शरीर तसंही झोप मागतं. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता. त्यात चालकाला दिवसाचे ८ तास आणि सलग ५ तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती असा नियम होता. हा नियम पोटासाठी रोज गाडी चालवणाऱ्यांसाठी होता, आणि ते लोक दिवसभर कपाटं उचलून स्टिअरिंगवर बसत नाहीत.

तेव्हा वेळापत्रक असं आखा. सोमवारी सामान भरलं जाईल. पॅकर्सवाले 'दुपारी दोनपर्यंत मोकळे' म्हणतील, तुम्ही संध्याकाळचे सात धरा. त्या रात्री नातेवाइकांकडे किंवा लॉजवर झोपा. रिकाम्या घरात चटईवर झोपून उपयोग नाही. मंगळवारी उशिरा उठा, घरमालकाला किल्ली द्या, वीजमीटरचा आकडा लिहून घ्या, गाडीत पेट्रोल आणि टायरमध्ये हवा भरा, आणि रात्री नऊला आडवे व्हा. बुधवारी पहाटे पाचला निघा. ट्रक चुकेल अशी भीती वाटेल, पण नागपूर ते बंगळुरू घरसामानाच्या गाडीला साधारण तीन-चार दिवस लागतात, पार्ट लोड, म्हणजे एकाच ट्रकमध्ये इतरांचंही सामान, असेल तर त्याहून जास्त. तुम्ही शुक्रवारी दुपारी पोचाल, तेव्हा बहुधा तुम्हीच आधी असाल. घाई करायला कारणच नाही.

आता मुळात कार चालवत न्यावी का? कॅरियरचा पर्याय वाईट नाही, विशेषतः आईंचा विचार केला तर. तुमची कार आठवड्या-दोन आठवड्यांत पोचेल. नागपूरवरून बंगळुरू राजधानी जाते, संघमित्राही जाते. वहिनी, आई आणि लेकरं रेल्वेने गेली तर सगळ्यांचेच हाल कमी होतील. पण कॅरियरवर कार टाकताना ती रिकामी द्यायची. आत सामान भरून दिलेलं सहसा विम्यात बसत नाही, आणि हरवलं तर दाद मागणं अवघड जातं. चारही बाजूंनी, छतासकट फोटो काढा, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि बिल्टीवर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवर, तो आकडा लिहून घ्या. पेट्रोल पाच-सात लिटरच ठेवा. कॅरियरवर उभ्या असलेल्या कारच्या फास्टॅगमधून टोलनाक्यावर पैसे कापले गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून त्यात शिल्लक अगदी थोडी ठेवा.

तरी माझं मत विचाराल तर, आई एका जागी दोन तास विनात्रास बसू शकत असतील तर तुम्ही चालवतच न्या. मात्र दोन दिवसांत नाही, तीन दिवसांत. हा रस्ता मला पाठ आहे आणि नवख्या चालकाला तो समजूनही घेतो. नागपूरपासून बंगळुरूपर्यंत एकच महामार्ग आहे, राष्ट्रीय महामार्ग ४४. श्रीनगर ते कन्याकुमारी जातो तोच, जुन्या लोकांच्या तोंडी अजून सात नंबर. कुठेही वळायचं नाही, फक्त हैदराबादला वळसा घालायचा. एकूण अंतर १,०८० किलोमीटरच्या आसपास.

पहिला दिवस नागपूर ते कामारेड्डी, साधारण ३९० किलोमीटर. दुसरा दिवस कामारेड्डी ते कर्नूल, ३३० च्या आसपास. तिसरा कर्नूल ते बंगळुरू, ३६०. तुमच्या सवयीपेक्षा हे जास्त आहे, पण रोज पहाटे पाचला निघालात तर बारा-साडेबाराच्या आत मुक्कामी असाल. हेच महत्त्वाचं आहे, कारण तुम्ही नवतप्यात निघताय. २५ मेनंतरचे ते नऊ दिवस नागपूरकराला सांगायला नकोत. पारा ४५ च्या पुढे जातो आणि कर्नूलपर्यंत खालीही भाजणारं ऊन असतं. दुपारी एक ते पाच गाडी रस्त्यावर नको. टायर, इंजिन, आई, लेकरं, सगळ्यांसाठी.

चारला नाही, पाचलाच निघा असं म्हणतो त्यालाही कारण आहे. मे अखेरीस आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास उजाडतं. वर्धा रोडने बुटीबोरी येईपर्यंत दिसायला लागतं. जाम, हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा या पट्ट्यात अंधारात रोही रस्त्यावर येतात, रानडुकरं येतात. पांढरकवड्याच्या बाजूला तर टिपेश्वरचं अभयारण्यच आहे. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, ते हेडलाइटला बुजतं आणि नेमकं गाडीच्या दिशेने येतं. हॅचबॅकचं पुढे काही उरत नाही. उजेडात ते शंभर मीटरवरून दिसतं.

पहिला थांबा पांढरकवड्याला घ्या, दीडेकशे किलोमीटरवर. पोहे-तर्री खायची असेल तर इथेच, पण तर्री तुम्ही स्वतः घेऊ नका, घेतलीच तर चमचाभर. पोट जड झालं की अर्ध्या तासात डोळे जड होतात. पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागतं. आदिलाबादला मराठी सर्रास चालते, निर्मलपर्यंत हिंदीवर काम भागतं. निर्मलला लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. लेकरांना तिथे उतरवा, एखादं खेळणं घेऊन द्या. पुढचे शंभर किलोमीटर शांततेत जातात, हे अनुभवाने सांगतो.

तेलंगणात एका गोष्टीची तयारी ठेवा. उन्हाळी धान निघालेलं असतं आणि शेतकरी ते रस्त्याच्या कडेला, कधी सर्व्हिस रोडवर, कधी थेट एका लेनवर वाळत घालतात. कडेला दगड मांडलेले असतात. डावी लेन मोकळी आहे असं गृहीत धरू नका. गावाजवळ उलट्या बाजूने मोटरसायकली आणि ट्रॅक्टर येतात. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे कडेला बंद पडलेला ट्रक, मागे दिवा नाही, फार तर झाडाची फांदी लावलेली. सरळ चौपदरी रस्त्यावर कार त्या ट्रकखाली घुसतात. म्हणून वेग ८०-९० ठेवा. नवख्याला आणि भरलेल्या हॅचबॅकला तेवढा पुरे. शंभरने गेलात तरी कामारेड्डीला अर्धा-पाऊण तासच आधी पोचाल.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला कामारेड्डी सोडलं की साडेसहा-सातच्या सुमारास मेडचलजवळ हैदराबादचा बाह्य वळणरस्ता लागतो. १५८ किलोमीटरचं ते पूर्ण वर्तुळ आहे. तुम्हाला त्याची पश्चिमेची बाजू धरून शमशाबादला उतरायचं आहे. शहरात शिरू नका, मोबाइल 'जवळचा रस्ता' म्हणून आत न्यायला बघेल तरी नाही. त्या रस्त्यावर लोक फार वेगात जातात. तुम्ही डावीकडच्या लेनमध्ये आपल्या चालीने चला आणि बाहेर पडायची पाटी चुकली तर पुढच्या पाटीला उतरून वळा. तिथे मागे घेणं किंवा कडेला थांबून विचार करणं हे जिवावरचं काम आहे.

तिसऱ्या दिवशी अनंतपूरपर्यंत ऊन, पुढे चढ लागतो, हवा बदलते. बंगळुरूत मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा पाऊस येतो, आणि येतो तेव्हा रस्त्याची नदी होते. नागपूरच्या उन्हात वायपरची रबरं कडक होऊन गेलेली असतात आणि तुमच्या लक्षातही येत नाही. निघण्याआधी बदलून घ्या. देवनहळ्ळीचा विमानतळाचा रस्ता लागला की गर्दी सुरू होते. दुपारी एकच्या आत तिथे असाल तर घरी दोनपर्यंत, संध्याकाळी पोचाल तर किती वाजतील सांगता येत नाही.

गाडीबद्दल. सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी नको, दोन आठवडे आधी करा, म्हणजे त्यात काही राहिलं असेल तर इथेच कळेल. कूलंट, ब्रेक, एसी, पट्टे हे मेकॅनिक बघेलच. बॅटरी चार वर्षांच्या वर असेल तर तपासून घ्या. पण टायर तुम्ही स्वतः बघा, हे काम कोणावर सोडू नका. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. तुमची गाडी सहा वर्षांची आहे, टायर मूळचेच असतील तर नक्षी कितीही शाबूत दिसो, रबर वयाने कडक झालेलं असतं. नखाने दाबून पाहा, बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा आहेत का बघा. असतील तर चारही बदला. तो खर्च मी माझ्या सख्ख्या भावाला करायला लावेन. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत सुरू झाला, तेव्हापासून आपल्याकडे टायर फुटण्याच्या गोष्टी घरोघरी झाल्या आहेत. रस्ता गरम, वेग जास्त, गाडी भरलेली आणि हवा कमी, या चार गोष्टी एकत्र आल्या की टायर जातो. हो, हवा कमी. लोकांना उलटं वाटतं. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि आतून तापतो.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर दोन दाब दिलेले असतात, एक कमी माणसांसाठी, एक भरलेल्या गाडीसाठी. तुम्हाला भरलेल्या गाडीचा हवा. तो सकाळी, गाडी थंड असताना भरायचा. वाटेत कोणी टायरला हात लावून 'साहेब, हवा जास्त आहे' म्हणून काढायला लागला तर काढू देऊ नका. गरम टायरमध्ये दाब चढणारच, तो तसाच अपेक्षित आहे. गरम असताना काढलेली हवा थंड झाल्यावर कमी पडते आणि मग खरा धोका सुरू होतो. स्टेपनीची हवाही तपासा. आणि स्टेपनी, जॅक, पाना हे सामानाच्या तळाशी गाडू नका.

सामानाच्या बाबतीत बहुतेक जण चुकतात. ट्रक गेल्यावर घरात जे उरतं ते सगळं कारमध्ये जातं. झाडू, बादली, कुंड्या, इस्त्री, राहिलेला किराणा. पाच माणसांची हॅचबॅक पाच माणसांनीच जवळपास भरलेली असते. ट्रक निघण्याआधी कारची डिकी भरून, बंद करून टाका आणि घरच्यांना सांगा, आता जे उरेल ते ट्रकमध्ये किंवा शेजारी. सीटच्या पाठीपेक्षा उंच काहीही नको. मागच्या काचेतून रस्ता दिसला पाहिजे. आणि त्या काचेखालच्या फळीवर काही म्हणजे काही नको, पाण्याची बाटलीसुद्धा. का ते वर सांगितलं. छतावर कॅरियर बांधायचा विचार असेल तर सोडून द्या, हॅचबॅकचं छत फार थोडं वजन घेतं आणि वाऱ्यात गाडी डोलते.

कारमध्ये न्यायचं ते हे: मूळ कागदपत्रं, दागिने, औषधं, लॅपटॉप, पहिल्या रात्रीची पिशवी. त्या पिशवीत चादरी, टॉवेल, साबण, चहा-साखर, एक लहान कुकर, चाकू, मुलांचे दोन-दोन जोड आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड. देव आई सोबतच नेतील, आपल्याकडे ते ट्रकमध्ये कोणी टाकत नाही आणि टाकूही नये. पण पितळी मूर्ती मांडीवर नकोत. कापडात गुंडाळून लहान डब्यात, पुढच्या सीटमागे पायाशी ठेवा. यंदाचं लोणचं घातलं असेल तर बरणी ट्रकमध्येही नको, कारमध्येही नको. उन्हात तेल पातळ होऊन झाकणाखालून येतं, तो वास सहा महिने जात नाही. इथल्याच माणसांना वाटून टाका. तुळशीचं मी दरवेळी सांगतो की कुंडी नेऊ नका, बिया न्या. लोकांना ते जड जातं, पण बंद गाडीत तीन दिवस ती जगत नाही.

गॅस सिलिंडर कुठेच न्यायचा नाही. एजन्सीकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, अनामत आणि व्हाउचर घ्या, त्यावर बंगळुरूत कनेक्शन मिळतं. स्कूटर ट्रकमध्ये जात असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून घ्या, पण ते बाटलीत भरून कारमध्ये ठेवू नका. सेंट, स्प्रे, डासांचे फवारे उन्हात उभ्या गाडीत फुटतात.

आईंचं इन्सुलिन. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीत तिथे भट्टी होते. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये थंड पाणी आणि थोडा बर्फ घाला, इन्सुलिन कोरड्या प्लास्टिकच्या डबीत ठेवून ती डबी त्यात सोडा. बर्फाला थेट चिकटता कामा नये, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. थांबाल तिथे थर्मास सोबत उतरवा. आईंची जेवणाची वेळ तुमच्या थांब्यांवर अवलंबून ठेवू नका, घरची दशमी आणि दही सोबत असू द्या, आणि साखर कमी झाली तर लगेच देता येईल असं ग्लुकोज वहिनींच्या हाताशी. दर दोन तासांनी दहा-पंधरा मिनिटं आईंना चालवा, पायांना सूज येत नाही. तुम्ही दक्षिणेला जाताय, म्हणजे सकाळभर ऊन डाव्या खिडकीतून येणार. आईंना उजवीकडे, तुमच्या मागे बसवा. मागच्यांनीही पट्टे लावायचे, आजीनेसुद्धा. मुलीला चाइल्ड सीट हवीच, कोणाच्या मांडीवर नको.

एसी चालू असताना हवा आतल्या आत फिरवणारं बटण दाबलेलं असतं. पाच माणसं बंद गाडीत तास-दीड तास श्वास घेत राहिली की हवा शिळी होते आणि चालकाला गुंगी येते. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं बाहेरची हवा आत येऊ द्या. झोप येतेय असं वाटलं तर चहा, गाणी, तोंडावर पाणी यावर विसंबू नका. पेट्रोल पंपावर सावलीत गाडी लावा, २० मिनिटं डोळे मिटा. वहिनींकडे लायसन असेल आणि हात बसलेला असेल तर तास-तासभर त्यांनाही द्या. नसेल तर त्यांचं काम तुमच्याशी बोलत राहणं आणि तुमची उत्तरं तुटक होऊ लागली की गाडी थांबवायला लावणं. तेव्हा तुम्ही 'काही नाही होत' म्हणाल. थांबायचं.

गाडी बंद पडली तर जमेल तितकी डावीकडे घ्या, सगळ्यांना उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा, त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा आणि मग १०३३ लावा. हा राष्ट्रीय महामार्गाचा मदतीचा नंबर आहे. अपघात असेल तर ११२.

ट्रकबद्दल दोनच गोष्टी सांगतो. बिल्टीवर गाडीचा नंबर आणि वस्तूंची यादी असल्याशिवाय डाला बंद होऊ देऊ नका, आणि 'इन्शुरन्स आहे' या शब्दावर न जाता विमा कंपनीच्या नावाचं प्रमाणपत्र मागा. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल लागत नाही, त्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

फास्टॅग चालू आहे ना, ते आधीच पाहा. वर्षाचा पास ऑगस्ट २०२५ पासून निघाला, तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष असा. तो फक्त राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर चालतो, हैदराबादच्या वळणरस्त्यावर नाही. शिवाय तो तुमच्या गाडीच्या नंबरला बांधलेला असतो, आणि तुमचा नंबर बदलणार आहे. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. त्यासाठी नागपूर आरटीओची एनओसी (ना-हरकत), फॉर्म २८, लागते. चासीचा पेन्सिलने घेतलेला ठसा, थकलेलं चलान भरणं, कर्ज असेल तर बँकेची संमती, हे सगळं इथे असताना दोन फेऱ्यांत होतं. तिथून करायला गेलात तर सुट्ट्या जातात. कर्नाटकात आयुष्यभराचा कर भरल्यावर इथल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, म्हणून कर भरल्याची पावती जपा. फास्टॅगचा त्या तीन दिवसांचा हिशेबही छापून ठेवा. एमएच नंबर बघून तिथे कोणी अडवलं तर तुम्ही राज्यात कधी आलात याचा तो पुरावा असतो. लायसन बदलायची गरज नाही, ते देशभर चालतं.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे, म्हणजे इतकं चालवण्याची सवय नाही त्याकडे. निघायला अजून वेळ आहे. येत्या रविवारी पहाटे पाचला सगळ्यांना घेऊन, डिकीत तेवढंच वजन टाकून, पांढरकवड्यापर्यंत जा. तिथे नाश्ता करा, अर्धा तास फिरा आणि परत या. जाऊन-येऊन ३०० किलोमीटर होतात, दुपारी बाराच्या आत घरी असाल. आईंना किती वेळ बसवतं, मुलीला गाडी लागते का, भरलेल्या गाडीचा ब्रेक किती लांब जातो, हे सगळं त्या एका सकाळी कळेल. घरी आल्यावर आई थकल्या असतील तर त्यांची आणि वहिनींची रेल्वेची तिकिटं त्याच दिवशी काढा.